पडणाऱ्याचं कसब

क्योतोच्या पश्चिमेला रांदेन नावाची छोटी जांभळी ट्राम धावते. दर गुरुवारी ऑफिस सुटलं की मी तिने उझुमासाला जाते. स्टेशनासमोर कोर्यूजीचं प्राचीन देऊळ आहे आणि तिथून थोडं चाललं की तोएई कंपनीचा स्टुडिओ लागतो. जपानमध्ये ऐतिहासिक चित्रपट-मालिकांना ‘जिदाइगेकी’ म्हणतात आणि उझुमासा हे जिदाइगेकीचं माहेर. याच भागातल्या एका सभागृहात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आम्हा दहा-बारा हौशी लोकांना ‘ताते’ शिकवतात. ताते म्हणजे पडद्यावरची तलवारबाजी. ऐन उमेदीत त्यांचं काम होतं मरण्याचं. नायकाने तलवार उपसली की त्याच्यावर धावून जायचं आणि कापलं जायचं. या कामाला इथे वेगळं नाव आहे, ‘किरारेयाकु’, आणि लोक ते आदराने घेतात.

पहिले दोन महिने सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या या गुरुजींनी, आमच्या हातात तलवार दिलीच नाही. आधी चालणं. पाऊल उचलायचं नाही, जमिनीवरून सरकवत न्यायचं, कंबर खाली, आणि डोकं तसूभरही वर-खाली होता कामा नये. मग पडणं. एका गुरुवारी माझ्यासमोर बँकेत नोकरी करणारी एक मुलगी होती. तिने वार केला, मी पडले. सेन्सेई म्हणाले, “तिने कापलं असं वाटलं नाही, कारण तू तिच्या वाराची वाट बघत उभी होतीस.” मग ते स्वतः माझ्या जागी आले. तिने तलवार उचलली तेव्हा ते तिच्याकडे झेपावत होते. पातं त्यांच्या अंगापासून वीतभर लांबून गेलं, पण ते असे थबकले की जणू वाटेत भिंत आली. पाठीची कमान झाली, एक पाय सुटला, दोन श्वास तसेच गेले, आणि मग गुडघा, मांडी, खांदा अशा क्रमाने ते आवाज न करता जमिनीवर आले. आम्ही सगळे त्या मुलीकडे बघत होतो. ती पहिल्यांदाच तलवारबहाद्दर दिसत होती. शिकवणीतली तलवार बांबूची असते, वर चंदेरी मुलामा. तिला वजन नसतं. ते वजन पडणाऱ्याच्या अंगातून दिसावं लागतं.

मी कोल्हापूरची. माझे थोरले आबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, शिवाजी पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ खेळत मोठे झाले. लाठी, फरी-गदका, विटा (दोरी बांधलेला भाला) आणि दांडपट्टा. सत्तरच्या दशकात जयप्रभा स्टुडिओत आणि पन्हाळ्यावर ऐतिहासिक चित्रपटांची कामं निघत तेव्हा तालमीतल्या पोरांना बोलावणं येई. आबा त्यात मावळा झाले, मोगल झाले, घोड्यावरून पडले, तटावरून पडले. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. उझुमासाच्या त्या सभागृहात उभी असताना माझ्या डोक्यात ही दोन्ही गावं एकदम असतात. दोन्ही गावांनी आपापल्या भाषेला इतिहासाची चित्रं दिली, आणि ती चित्रं ज्यांच्या अंगावर उभी राहिली ती माणसं दोन्हीकडे म्हातारी झाली आहेत.

हे आज लिहायला बसले ते जपानी नट हिरोयुकी सानादामुळे.

१६ सप्टेंबर २०२४ ला जपानमध्ये ज्येष्ठांच्या सन्मानाची सार्वजनिक सुट्टी होती. लॉस एंजलिसमध्ये अजून १५ तारखेची संध्याकाळ होती. जुन्या जपानवरच्या ‘शोगुन’ या अमेरिकन मालिकेतल्या तोरानागा या सरदाराच्या भूमिकेसाठी सानादाला नाट्यमालिकेतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं एमी, अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला जपानी नट. वय ६३. मालिकेला सगळी मिळून १८ एमी मिळाली, एका हंगामासाठी तोवर कुणालाच इतकी मिळाली नव्हती. आणि ज्या मालिकेतले सत्तर टक्क्यांच्या आसपास संवाद जपानीत आहेत, अमेरिकन प्रेक्षकाला खाली पट्टी वाचत बघावी लागते, तीच वर्षातली सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. मंचावर सानादा जपानीत बोलला. जिदाइगेकी ज्यांनी जपली, ज्या दिग्दर्शकांनी आणि गुरूंनी आपल्याला घडवलं त्यांचे त्याने आभार मानले. तुमच्याकडून मिळालेली तळमळ समुद्र ओलांडून गेली, अशा अर्थाचं तो म्हणाला. पुढच्या गुरुवारी सेन्सेईंनी आम्हाला ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं आणि मग बराच वेळ काही शिकवलं नाही.

एमीची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होती. कोल्हापुरात मिरवणुकीची तयारी, आणि आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच सवाल: आपल्या महाराजांवर असं कधी होणार? कुणी म्हणालं पैसा नाही. कुणी म्हणालं मराठीत केलं तर जगात कोण बघणार. एका चुलतभावाने लिहिलं, “आधी आपली माणसं तरी करू देतील का?” चार महिन्यांत त्याचं म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’ या हिंदी चित्रपटाचा ट्रेलर आला. त्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि वाद पेटला. राजे असे नाचले असतील का, दाखवावं का, दाखवायचं तर कसं, कुणाला विचारून? दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. १४ फेब्रुवारीला चित्रपट आला आणि तुफान चालला.

राजांनी लेझीम खेळावी की खेळू नये यावर मी इथे मत देणार नाही. पण त्या सगळ्या गदारोळात मी एक प्रश्न शोधत होते आणि तो मला सापडला नाही. ते दृश्य बसवलं जात असताना ‘थांबा, हे असं नको’ म्हणायचा अधिकार असलेलं, त्या काळाचं बारीकसारीक जाणणारं, माणूस त्या जागी उभं होतं का? आपल्याकडे आक्षेप ट्रेलरनंतर येतो. तेव्हा पैसा खर्च झालेला असतो, नट घरी गेलेले असतात, आणि हातात एकच उपाय उरतो, कात्री. सानादाच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या वाटचालीत मला जे सगळ्यात मोठं वाटतं ते नेमकं इथे लागू पडतं. त्याने आक्षेपाची जागा बदलली. आक्षेप रस्त्यावरून उचलून सेटवर आणला, चित्रीकरणाच्या आधी.

त्याची सुरुवात तालमीतच झाली म्हणायला हरकत नाही. जन्म १९६० चा, टोकियोचा. पाच वर्षांचा असताना शिनइची चिबाबरोबर पडद्यावर आला. जगाला हा चिबा ‘सनी चिबा’ म्हणून माहीत आहे. तो मुळात जिम्नॅस्ट, ऑलिंपिकचं स्वप्न बघणारा. दुखापतीने ते संपलं आणि तो क्योकुशिन कराटे शिकून नट झाला. मारामारी करणारा माणूस नुसत्या हमालासारखा वागवला जाऊ नये, त्याला नीट प्रशिक्षण हवं, म्हणून १९७० मध्ये त्याने ‘जपान अ‍ॅक्शन क्लब’ काढला. उड्या, घोडेस्वारी, तलवार, हातघाई, सगळं एका छताखाली. सानादा तिथे बारा-तेराव्या वर्षी दाखल झाला. शोरिंजी केंपो ही हातघाईची युद्धकला आणि तलवार शिकला, जपानी पारंपरिक नृत्यही शिकला. १९७८ पासून चिबाच्या आणि फुकासाकु किंजीच्या चित्रपटांत तो तरण्याबांड लढवय्या म्हणून झळकला. गडावरून उड्या, छपरावरून उड्या, आणि त्यातल्या कितीतरी स्वतःच मारलेल्या.

इतक्यावर थांबला असता तरी नाव राहिलं असतं. पण ऐन भरात असताना त्याने मारामारीचे चित्रपट बाजूला ठेवायला सुरुवात केली. १९८४ मध्ये जुगाऱ्यांवरच्या एका कृष्णधवल चित्रपटात त्याने नवशिक्या तरुणाची भूमिका केली, नुसतं बसून, पत्ते नव्हे तर माजोंगच्या सोंगट्या हलवत. १९९१ मध्ये एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकेत चौदाव्या शतकातला योद्धा आशिकागा ताकाउजी झाला. १९९९ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘किंग लिअर’मध्ये विदूषक. दिग्दर्शक निनागावा युकिओ जपानी, बाकी सगळे नट ब्रिटिश, आणि हा एकटा शेक्सपिअरची इंग्रजी तोंडपाठ करून त्यांच्यात उभा. २००२ मध्ये ब्रिटनने त्याला मानद एमबीई हा किताब दिला.

त्याच वर्षी दिग्दर्शक यामादा योजीचा ‘तासोगारे सेइबेइ’ आला. माझ्या मते सानादाला ओळखायचं तर हा चित्रपट बघावा, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. सेइबेइ हा खालच्या पायरीचा सामुराई, धान्यकोठारात कारकुनी करणारा. बायको क्षयाने गेली, दोन लहान मुली, विसरभोळी झालेली आई, डोक्यावर कर्ज. किमोनो उसवलेला, अंगाला वास येतो म्हणून वरिष्ठ टोकतात. संध्याकाळ झाली की मित्रांबरोबर प्यायला न बसता घर गाठतो म्हणून चिडवायचं नाव ‘तासोगारे’, कातरवेळ. ज्याच्या अंगात एवढी लढाई भरलेली आहे तो नट जवळजवळ सगळा चित्रपट तलवार उपसत नाही. शेवटी अंधाऱ्या घरात लढावं लागतं तेव्हा कळतं की हा माणूस इतका वेळ काय आवरून बसला होता. जपानी अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि चित्रपट ऑस्करच्या परभाषा विभागातल्या अखेरच्या पाचांत पोचला.

आणि मग चाळिशी उलटल्यावर, घरी सगळं मिळालेलं असताना, तो अमेरिकेला गेला.

२००३ च्या ‘द लास्ट सामुराय’मधला उजिओ ही सुरुवात. त्यात उझुमासाचा फुकुमोतो सेइझोही होता, अख्ख्या चित्रपटात जवळपास न बोलणारा अंगरक्षक. फुकुमोतो वयाच्या पंधराव्या वर्षी तोएईत लागला आणि पडद्यावर पन्नास हजार वेळा मेला असं त्याच्याबद्दल कौतुकाने सांगतात. कोळंबीसारखी पाठ वाकवून पडायची त्याची ढब होती. २०२१ च्या पहिल्या दिवशी तो खरोखर गेला तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांनी मोठ्या नटाचा असावा तसा मृत्युलेख दिला. आमचे सेन्सेई त्याच्या पिढीचे, त्याला ‘फुकुमोतो-सान’ म्हणतात आणि म्हणताना किंचित मान झुकवतात.

सानादाला तिकडे पुढची वीस वर्षं काय मिळालं ते नीट बघण्यासारखं आहे. जेम्स आयव्हरीचा ‘द व्हाइट काउंटेस’ मिळाला (त्याचे निर्माते इस्माईल मर्चंट आपल्या मुंबईचे, आणि तो त्यांच्या शेवटच्या चित्रपटांपैकी), पण असं एखादंच. बाकी अनेकदा खलनायक, टोळीचा म्होरक्या, तलवार उपसून शेवटी मरणारा जपानी. २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये टोकियोच्या पावसात काही मिनिटं लढतो आणि मरतो. जपानमध्ये ज्याच्या नावावर चित्रपट निघत तो तिकडे किरारेयाकु झाला होता. पण तो प्रत्येक सेटवर बघत राहिला. कमरपट्टा चुकीचा बांधलाय, तलवार उलट्या बाजूला खोचलीय, नमस्कार भलत्या काळातला आहे. नट म्हणून सांगायला मर्यादा पडते, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. दुसऱ्याच्या कामात किती वेळा तोंड घालणार?

म्हणून ‘शोगुन’साठी विचारणा झाली तेव्हा तो निर्माताही झाला. मग त्याने जे केलं ते कुठल्याही भाषणापेक्षा मोठं आहे. चित्रीकरण कॅनडात, व्हँकुव्हरला. तिथे त्याने जपानहून जिदाइगेकीत मुरलेली माणसं आणवली: टोप बसवणारे, किमोनो नेसवणारे, हत्यारं आणि वस्तू सांभाळणारे, उठणं-बसणं-चालणं शिकवणारे. आपला प्रसंग नसेल त्या दिवशीही तो सेटवर हजर असे. संवाद इंग्रजीत लिहिले जात, त्यांचं जपानी होई, मग ते जुन्या वळणाच्या दरबारी जपानीत पुन्हा लिहिले जात, आणि नटांच्या तोंडून आल्यावर खालच्या पट्टीसाठी परत इंग्रजीत उतरत. एवढी उठाठेव १९८० च्या जुन्या ‘शोगुन’मध्ये नव्हती. त्यात तोशिरो मिफुनेसारखा महान नट तोरानागा होता, पण जपानी संवादांना पट्टीच दिली नव्हती. गोष्ट इंग्रज खलाशाच्या कानांनी ऐकायची, त्याला कळत नाही तर प्रेक्षकालाही कळू नये, असा विचार. चव्वेचाळीस वर्षांनी तेच लोक आपल्या तोंडाने बोलू लागले.

आता कुणी म्हणेल, मालिका अमेरिकन पैशाची, मूळ कादंबरी जेम्स क्लॅव्हेलची, गोष्टीत इंग्रज खलाशी हवाच. हे खरं आहे. जपान्यांनी स्वतःहून जगापुढे मांडलेलं हे काम नव्हे, आणि आपल्याकडच्या लोकांनी बाहेरून कुणी येऊन आपली गोष्ट सांगावी याची वाट बघू नये. पण घरी बसून बोलणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनाही इथे एक गोष्ट दिसते. परकी मालकी असलेल्या घरातसुद्धा जाणकार माणसाला हुद्दा, पगार आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क मिळाला तर काम आपलं होतं. आणि मालकी आपली असूनही तो हक्क कुणालाच दिला नाही तर ते परकं राहतं.

तोरानागा म्हणजे नाव बदललेला तोकुगावा इएयासू, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानवर आपली सत्ता बसवणारा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता. आपल्याकडचे लोक मला सांगतात, जपान्यांना काय, त्यांच्यासाठी तो नुसता इतिहास, आपल्यासाठी महाराज देव्हाऱ्यात आहेत. मला आपली ही भावना अजिबात क्षुल्लक वाटत नाही. माझ्या क्योतोतल्या दोन खोल्यांतही महाराजांची तसबीर आहे आणि सकाळी मी तिला हात जोडते. पण इएयासूही देव आहे. निक्कोला त्याचं तोशोगू नावाचं भव्य देवस्थान आहे, मेल्यानंतर त्याला देवपद देण्यात आलं, आणि चारशे वर्षं लोक तिथे हात जोडतात. तरी इथे त्याला ‘तानुकी’ म्हणतात, म्हणजे लबाड गलेलठ्ठ प्राणी. २०२३ मध्ये एनएचकेने त्याला भेदरट, रडका तरुण दाखवत वर्षभराची मालिका केली. कुणाला आवडली, कुणाला नाही, पण इएयासूचा मान त्यामुळे तसूभर उतरला नाही. माझं म्हणणं असं नाही की आपणही राजांना तसं दाखवावं. एवढंच, की देवपण आणि माणूसपण एका घरात सुखाने राहू शकतं हे मी इथे रोज बघते, आणि आपण त्याला इतकं घाबरतो याचं मला वाईट वाटतं.

जपानचं सगळं छान आहे असंही नाही. जिदाइगेकी त्यांनी स्वतःच मरू दिली. १९६९ मध्ये सुरू झालेली ‘मितो कोमोन’ ही घराघरातली मालिका २०११ मध्ये बंद झाली. सेन्सेई सांगतात, त्यांच्या तरुणपणी दर रात्री कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर तलवारी चालत; नंतर नंतर महिन्यातून एखादा दिवस काम. टोप बसवणाऱ्या त्यांच्या एका मित्राने लग्नाच्या हॉलमध्ये नवऱ्या मुलींचे केस बांधून दिवस काढले. यासुदा जुनइची नावाच्या भातशेती करणाऱ्या दिग्दर्शकाने आपली गाडी विकून, सुमारे २ कोटी ६० लाख येनमध्ये, उझुमासातच एक चित्रपट केला: एक सामुराई काळ ओलांडून आजच्या स्टुडिओत येतो आणि किरारेयाकु होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये टोकियोच्या एका थिएटरात लागलेला हा चित्रपट पुढे तीनशेहून जास्त पडद्यांवर गेला आणि मार्च २०२५ मध्ये जपानी अकादमीचा सर्वोत्कृष्ट ठरला. मी तो सेन्सेईंबरोबर बघितला. अंधारात त्यांच्या खुर्चीतून हुंदका आल्यासारखं वाटलं, पण मी वळून बघितलं नाही.

त्या तुलनेत कोल्हापूर अजून जिवंत आहे, हे मला अभिमानाने सांगायचंय. शिवजयंतीला, दसऱ्याला, गणपतीच्या मिरवणुकीत आजही तालमीतली पोरं आणि आता पोरीसुद्धा पट्टा फिरवतात, जमिनीवर ठेवलेली लिंबं एका दमात कापत जातात. इथे ताते शिकायला आम्ही दहा-बारा, त्यातही निम्मे पन्नाशीपुढचे. तिकडे एका पेठेत त्याहून जास्त दहावीची मुलं निघतील. पट्टा तर असा की त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचं लोखंडी खोबणं. मनगट वळतच नाही. म्हणजे वार येतो खांद्यातून, कमरेतून आणि पावलातून. आयुष्य तालमीत घातल्याशिवाय तो अंगात मुरत नाही. १९ फेब्रुवारी २०२४ ला, शिवजयंतीच्या दिवशी, दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्यानंतर आठच दिवसांनी ‘शोगुन’ सुरू झाली. मला त्या दोन तारखा एकत्र आठवतात. एकीकडे हत्याराला मान मिळाला, दुसरीकडे हत्यार चालवणाऱ्याला काम मिळालं. आपल्याला दोन्ही हवंय.

गेल्या काही वर्षांत मराठीत ऐतिहासिक चित्रपटांची लाट आली, दिग्पाल लांजेकरांनी एकामागून एक शिवकाळावरचे चित्रपट केले, लोकांनी ते उचलून धरले. जयप्रभाची जागा विकली गेल्याचं २०२२ मध्ये समजलं तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. प्रेम आहेच, त्यात कुणाला शंका नको. मला त्या प्रेमाकडून एवढंच हवंय की त्याने एखाद्या वस्तादाला महिन्याचा पगार द्यावा. कोल्हापूरची चित्रनगरी सरकारी आहे. तिथे वर्षभर चालणारी एक शाळा का असू नये, जिथे तालमीतले वस्ताद नटांना आणि पडणाऱ्या पोरांना पट्टा, भाला, घोडा शिकवतील? जिथे सभासदाची बखर आणि आज्ञापत्र हातात घेऊन कुणीतरी संवादाला म्हणेल, हा शब्द तेव्हाचा नाही? जिथे पागोटं बांधणाऱ्या माणसाचं नाव पडद्यावर येईल? अशी शाळा असती तर लेझमीचा सवाल तिच्या अंगणात सुटला असता, पहिल्या तालमीच्या दिवशी.

मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा त्याच चुलतभावाने उत्तर दिलं, “ताई, तिकडं बसून बोलायला काय जातंय?” तो रागावून लिहीत नव्हता, आणि त्याचं चुकलंही नव्हतं. बाहेर राहणाऱ्याने घराच्या वादात उतरायचं तर हातात काहीतरी घेऊन यावं. सानादा लॉस एंजलिसहून जपानला उपदेश करत बसला नाही. तो क्योतोच्या माणसांना सोबत घेऊन गेला. माझ्या हातात काय आहे? एक गुरुवारची शिकवणी आणि एक थोरले आबा.

सेन्सेईंना मी पट्ट्याची चित्रफीत दाखवली होती. त्यांनी ती चार वेळा बघितली आणि विचारलं, “याच्यासमोर तुमच्याकडचा माणूस पडतो कसा? हे पातं तर थांबतच नाही.” मला उत्तर येईना. रविवारी मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबा ७९ वर्षांचे, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. प्रश्न ऐकून ते आधी माझ्याकडे बघतच राहिले. मग काकूच्या हातात फोन दिला, कोपऱ्यातली काठी मागवली आणि खाटेवरून उठले. “आगं पोरी, पट्टा तलवारीगत एकदा येत न्हाई. गेला की परत येतोय. पडणाऱ्यानं पयल्या वाराला पडायचं न्हाई. पयला चुकवायचा, दुसऱ्याला पडायचं. आन् पडताना त्याच्याकडं पाठ करायची, म्हंजे तिसरा वार वरनं जातोय.” काकू ओरडत होत्या, अहो बसा, पण त्यांनी डावा खांदा आत घेऊन अर्धी गिरकी घेऊन दाखवलीच. फोन हलला, छताचा पंखा दिसला, मग परत आबा दिसले, भिंतीला हात लावून धापा टाकत उभे.

मी ते सगळं जपानीत लिहून काढलं, बाणांच्या खुणांसकट. गुरुवारी सेन्सेईंनी तो कागद उभ्या उभ्या वाचला. पात्याची लांबी किती, विचारलं. मुठीच्या पुढे चार फुटांच्या आसपास, मी म्हटलं, आणि हात लांब करून दाखवला. त्यांनी बांबूची तलवार बाजूला ठेवली, सभागृहाच्या दारातली एक लांब छत्री उचलून माझ्या हातात दिली, माझ्या खांद्यापासून छत्रीच्या टोकापर्यंत नजरेने अंतर मोजलं, आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

“आता ये,” ते म्हणाले. “दोनदा.”